आत्याचा डोळा : वीसपैकी वीस

‘आमच्या आत्याला धनुष्य हवंय’ हे वाक्य मी गेल्या चार महिन्यांत एकूण सत्तावीस माणसांसमोर उच्चारलं. त्यांपैकी सव्वीस जणांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी मोठं, जबाबदार माणूस उभं असेल आणि ते खरा काय प्रकार आहे ते सांगेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. एकानेच तसं केलं नाही. त्याने हातातलं काम न थांबवता विचारलं, ‘डोळा कोणता?’ आणि तिथे माझा जो गोंधळ उडाला, तो अजून पुरता खाली बसलेला नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडेच असते. छत्तीस वर्षं तिने पोस्टात काम केलं. निरोप समारंभात तिच्या साहेबांनी माइकवरून विचारलं, ‘बाई, आता पुढे काय?’ अशा वेळी ‘विश्रांती’ म्हणायचं असतं, फार तर ‘वाचन’. आत्या म्हणाली, ‘तिरंदाजी शिकणार.’ सभागृह हसलं. साहेबही हसले, आणि माइक त्यांच्या हातात असल्यामुळे ते हसणं बाहेर गाड्या लावतात तिथपर्यंत ऐकू गेलं. आठवड्याने घरी रजिस्टर पार्सल आलं. आत्याने रीतसर सही करून ते घेतलं. आत एक लाल प्लॅस्टिकचं खेळण्यातलं धनुष्य होतं, टोकाला रबरी वाट्या लावलेले तीन बाण होते आणि सगळ्या ऑफिसच्या सह्या असलेलं कार्ड होतं. कार्डावर साहेबांनी लिहिलं होतं, ‘सरावासाठी.’

आत्याने ते धनुष्य स्वयंपाकघरात, फ्रिजसमोरच्या खिळ्याला अडकवलं.

‘हसले ते हसू देत,’ ती म्हणाली. ‘तू शोध. कुठे शिकवतात, कुठे मिळतं, सगळं. तुम्ही शिकलेली माणसं.’ मग जरा आवाज उतरवून म्हणाली, ‘मी मस्करी नव्हती केली गं.’

त्या दिवसापासून संध्याकाळी दार उघडल्याबरोबर, मी चपला काढायच्याही आधी, आत्या एकच शब्द विचारू लागली : ‘मिळालं?’

आता माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी तराजू तपासते. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले तराजू खरं बोलतात की नाही, हे ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत मी कामाला आहे. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘एकदा मोजलं म्हणजे मोजलंच नाही.’ या वाक्यावर माझी श्रद्धा आहे. पुढे जे घडलं त्याला हे वाक्य निम्मं जबाबदार आहे. उरलेली निम्मी मी.

सुरुवात मी फोनमधल्या नकाशावर ‘जवळची तिरंदाजी’ असं शोधून केली. तीन उत्तरं आली. पहिलं सांधेदुखीच्या दवाखान्याचं होतं. दुसरं एका दिव्यांच्या दुकानाचं, का ते कळलं नाही. तिसरा ठळक निळा बाण आमच्याच इमारतीवर होता. हे बघून मला क्षणभर फार आनंद झाला. मग लक्षात आलं की तो बाण म्हणजे मी.

घरच्यांची मदत विचारली. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, ‘त्यापेक्षा चालायला जा म्हणावं.’ आई म्हणाली, ‘ताईंना या वयात हे काय सुचलंय! खांदा निखळला म्हणजे?’ जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी भेटले. वयस्कर, सडसडीत, नियमांचं जाडजूड पुस्तक तोंडपाठ असलेले गृहस्थ. म्हणाले, ‘धनुष्य आपल्या नियमांत बसत नाही.’

‘कोणत्या नियमात बसत नाही, काका?’

‘बसत असतं तर मला नंबर आठवला असता.’

मी नमस्कार केला आणि बाजारात गेले.

खेळाच्या सामानाच्या दुकानात मालकाने विचारलं, ‘नाटकासाठी हवंय?’ नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. त्याने मला मागच्या गल्लीत मासे पकडायचे गळ विकणाऱ्याकडे पाठवलं. का, ते विचारलं तर म्हणाला, ‘तो असलं काहीबाही ठेवतो.’ गळवाला एका रिळावर दोरा गुंडाळत बसला होता. हाच तो सत्ताविसांतला एक. मी माझं वाक्य म्हटलं. त्याने वर न बघता विचारलं, ‘डोळा कोणता?’

‘कोणाचा?’

‘ज्याला मारायचं त्याचा नाही. मारणाऱ्याचा.’

तेव्हा मला कळलं, की माणसाला जसा उजवा किंवा डावा हात असतो, तसा एक मुख्य डोळाही असतो. नेम तो धरतो. दुसरा नुसता सोबतीला असतो. मुख्य डोळा उजवा असेल तर धनुष्य उजवं लागतं, डावा असेल तर डावं. त्याशिवाय ओढण्याची ताकद किती, हातांची लांबी किती, हेही लागतं. ‘सरांची चिठ्ठी आणा,’ गळवाला म्हणाला. ‘चिठ्ठीशिवाय मी धनुष्य देत नाही. मागे एकाला दिलं. त्याने त्यावर पडदे लावले.’

सर म्हणजे एका शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. गळ्यात शिट्टी आणि बोलण्यात काटकसर. म्हणाले, ‘चिठ्ठी मी शिष्याला देतो. शिष्य मैदानावर होतो. मैदानाचा पास आणा.’

मैदान पाणीपुरवठ्याच्या टाकीमागे होतं, आणि जागा पाणीपुरवठा खात्याची असल्यामुळे पासही तेच खातं देई. खिडकीतल्या बाईंनी माझ्यापुढे एक अर्ज सरकवला. तो नळजोडणीचा अर्ज होता. ‘नळ’ या शब्दावर पेनाने काट मारून वर ‘धनुष्य’ लिहिलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. धनुष्याचा व्यास. धनुष्य घरगुती की व्यापारी. गळती आहे काय. आणि सर्वांत वर, चौकटीत : धनुष्याचा क्रमांक.

‘क्रमांक धनुष्यावर असतो,’ बाई म्हणाल्या.

‘पण धनुष्य अजून घेतलं नाहीये.’

‘मग घ्या.’

‘पासाशिवाय सर चिठ्ठी देत नाहीत, आणि चिठ्ठीशिवाय धनुष्य मिळत नाही.’

बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. ‘बरोबर आहे त्यांचं,’ त्या म्हणाल्या आणि खिडकी बंद केली.

घरी येऊन मी कागदावर तीन वर्तुळं काढली : दुकान, सर, मैदान. प्रत्येकाकडून दुसऱ्याकडे एकेक बाण काढला. आकृती सुबक झाली, पण तिच्यात शिरायला जागाच नव्हती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

आत्या मागून डोकावली. ‘काय, मिळालं?’

‘नाही गं. हे बघ, असं आहे.’

‘बाण तर मिळाले की. तीन.’ तिने चष्मा चढवला, अर्ज हातात घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की जणू माहेरचं माणूस भेटलंय. ‘अगं, यात अडलंय कुठे? लिही : मागाहून सादर.’

‘असं लिहून चालतं?’

‘छत्तीस वर्षांत मी एकही अर्ज पुरा भरलेला पाहिला नाही. पुरा भरलेला आला की आम्हाला संशय यायचा.’

मी क्रमांकाच्या चौकटीत ‘मागाहून सादर’ लिहिलं. गळतीपाशी मात्र अडखळले. खोटी माहिती देणं माझ्या स्वभावात नाही. ‘नाही लिही,’ आत्या म्हणाली. ‘धनुष्य नाही म्हणजे गळतीही नाही. यात खोटं काय?’

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी चौकट वाचली, ‘हां, असं सांगा ना मग,’ म्हणाल्या आणि शिक्का मारला. विज्ञानाची पदवी घेताना मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पास बघून सरांनी चिठ्ठी दिली. तिच्यात तीन जागा कोऱ्या होत्या : ओढ, हात, डोळा. ‘तू तराजू तपासतेस ना?’ ते म्हणाले. ‘मग मोज की घरीच.’

माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. मी खास नोंदवही घातली.

हातांची लांबी मोजणं सोपं होतं. आत्या भिंतीला पाठ लावून हात पसरून उभी राहिली, मी वीस वेळा मोजलं. पंधराव्या वेळेला ती म्हणाली, ‘वाढतायत का गं?’ ओढ मोजायला मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला, तो गॅलरीच्या जाळीला बांधला, आणि दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायची दोरी लावून आत्याच्या हातात दिली. माझा अंदाज होता नऊ किलो. आत्याने उजव्या हाताने सहज ओढावं तसं ओढलं. काटा एकोणिसावर गेला, त्याचा हूक सरळ झाला, जाळीचे दोन स्क्रू निघून आले आणि जाळीवर वाळत घातलेला ओला टॉवेल खालच्या गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सेक्रेटरींच्या डोक्यावर जाऊन बसला.

‘छत्तीस वर्षं टपालाच्या थैल्यांची तोंडं आवळलीत,’ आत्या हाताकडे बघत म्हणाली. ‘वर्षाला एक तरी दोर तुटायचाच.’

हे मोजमाप मी एकदाच करू शकले. त्याची बोच मला अजून आहे.

आता डोळा. ही चाचणी फार सुंदर आहे. माणसाने दोन्ही हात समोर ताठ धरायचे, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये लहानसा त्रिकोण सोडायचा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या त्रिकोणातून समोर उभ्या असलेल्या तपासणाऱ्याच्या नाकाकडे बघायचं. माणूस नकळत मुख्य डोळ्याने बघतो. तपासणाऱ्याला त्रिकोणात एकच डोळा दिसतो, तोच मुख्य. मी नोंदवहीच्या पानावर एक चेहरा काढला, त्यात दोन गोल, डावा आणि उजवा. दिसेल त्या बाजूच्या गोलावर खूण करायची. निरीक्षकाने मध्ये विचार करायचा नाही, कारण विचार केला की पूर्वग्रह शिरतो, हे आमच्या क्षेत्रात पहिल्या दिवशी शिकवतात. मी अजिबात विचार केला नाही. वीस वेळा तपासलं. वीसच्या वीस वेळा डावा.

‘आत्या, तू उजव्या हाताची, पण डोळा तुझा डावा!’

‘अगंबाई,’ आत्या म्हणाली. ‘आणि मला कुणी कधी सांगितलं नाही.’

तेवढ्यात सेक्रेटरी टॉवेल घडी घालून वर आले. तक्रार करायलाच आले होते, पण चाचणी बघून थबकले. ‘हे काय चाललंय?’ मी समजावलं. ‘मला बघू,’ ते म्हणाले. वीसपैकी वीस डावा. ते खुर्चीवर बसले.

‘सदुसष्ट वर्षं मी स्वतःला उजवा समजत होतो,’ ते हळूच म्हणाले. ‘पाणी दे बेटा.’

बातमी जिन्यातून वर-खाली गेली. रविवारी सकाळी आमच्या दारात रांग लागली. मी सतरा जणांचे मुख्य डोळे ठरवले आणि प्रत्येकाला सही करून कागद दिला. लोकांना ते मनापासून हवं होतं, हे बघून मी गहिवरले. आईने मात्र हातातलं काम सोडून चारच वेळा त्रिकोण केला. ‘उजवा? बरं. मला भाजी टाकायचीय.’ चार हा आकडा मला अपुरा वाटत होता, पण आईपुढे संख्याशास्त्र चालत नाही.

माझा स्वतःचा डोळा मी आरशासमोर तपासला. उजवा आला. पण आरशात उजवं डावं दिसतं की उजवंच दिसतं, हा विचार मनात आला आणि मी आकृती काढली. चार वेळा काढली. दोनदा एक उत्तर आलं, दोनदा दुसरं. मग मी माझ्या नावापुढे ‘मागाहून सादर’ लिहिलं. इथे खरं तर मी थांबून, आरशाऐवजी माणूस समोर असला तर काय होतं, याचा विचार करायला हवा होता. पण बाहेर रांग होती.

सोमवारी चिठ्ठी दुकानात दिली. गळवाल्याने वाचली. ‘आत्या डावऱ्या?’

‘नाही. हात उजवा, डोळा डावा. वीसपैकी वीस.’

‘होतं असं कधीकधी. डोळ्याचं ऐकायचं. पण डावं धनुष्य मागवावं लागेल, आणि मागवलेलं परत घेणार नाही.’

‘परत करायचा प्रश्नच येत नाही,’ मी म्हणाले. हे वाक्य मला आजही आंघोळ करताना आठवतं.

तीन आठवड्यांनी चोवीस पौंड ओढीचं, शिकाऊ डावं धनुष्य आलं. आत्याने ते कोऱ्या साडीसारखं दोन्ही हातांवर घेतलं. त्याचा क्रमांक स्वतः जाऊन पाणीपुरवठ्यात सादर केला. आणि पुढच्या रविवारी सरांच्या शिट्टीवर तिने आयुष्यातला पहिला बाण मारला.

तो शेजारी सराव करणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या लक्ष्यात लागला.

दुसराही उजवीकडेच गेला, पण डॉक्टरांच्याही पुढे, गवतात. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे उजवीकडे. मी गवतात वाकून शोधत होते आणि आत्या रेषेवरून ओरडून विचारत होती, ‘मिळाला?’ डॉक्टर सज्जन होते. ‘आज माझे सात लागले,’ ते म्हणाले. ‘मी सहाच मारले होते. असं रोज होऊ दे.’

सर म्हणाले, डावा हात कच्चा आहे, बळ येईल. आत्या घरी डाव्या हाताने पाण्याच्या बाटल्या उचलू लागली. डाव्या हाताने चहा ढवळू लागली. दुसरा रविवार, तिसरा, चौथा. हात थरथरे, दोरी कोपरावर बसे, कोपर निळं पडलं. बाण उजवीकडेच. मी दर रविवारी गवताची नोंद ठेवली. सरासरी चुकीत फरक नव्हता. हे मी शास्त्रीय उत्सुकतेपोटी आत्याला सांगितलं, तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात नेऊन अशा आवाजात ‘अक्कल कुठे गहाण टाकलीस?’ विचारलं, की तो फक्त मलाच ऐकू यावा आणि तरी इमारत हलावी.

पाचव्या रविवारी मी गवतात शोधत होते आणि मागून हाक आली नाही. वळून पाहिलं तर आत्या बाकावर बसून कोपर चोळत होती. आम्ही तशाच घरी आलो. आल्यावर तिने धनुष्य पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि बाबांना म्हणाली, ‘माळ्यावर टाक.’

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे आमच्या घरात क्वचित होतं.

‘अगं पण...’ मी म्हणाले.

‘हसले ते उगाच नाही हसले, बाळा. त्यांना दिसत होतं. मलाच दिसलं नाही.’

मी नोंदवही पुन्हा उघडली. ओढ बरोबर, लांबी बरोबर, डोळा वीसपैकी वीस. मग चुकत कोण होतं? सगळी मापं बरोबर आणि उत्तर चूक, अशी वेळ प्रयोगशाळेत आली तर आम्ही यंत्राला दोष देतो. इथे यंत्र म्हणजे आत्या होती.

दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आत्या स्टुलावर बसली होती. खिळ्यावरचं लाल धनुष्य तिने काढलं होतं, टाकून द्यायला असणार, कारण कचऱ्याची पिशवी पायाशी होती. पण टाकण्याआधी ती त्याच्याशी चाळा करत होती. पोस्टातून आणलेला, तिकिटं ओली करायचा तिचा स्पंज ओट्यावर होता. त्यावर तिने बाणाची रबरी वाटी टेकवली, विचार न करता धनुष्य उचललं, आणि सोडलं. बाण फ्रिजवर लावलेल्या पाण्याच्या बिलाच्या बरोबर मधोमध चिकटला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा दोघांच्या मध्ये.

‘आत्या, परत मार.’

‘कशाला?’

‘मार गं!’

तिने मारले. तिन्ही बिलावर. धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हाताने ओढलेली. म्हणजे चिठ्ठीच्या बरोबर उलट.

‘हात पुढे कर,’ मी म्हणाले. ‘त्रिकोण कर. माझ्या नाकाकडे बघ.’

‘आता आणखी?’

‘एकदाच.’

तिने त्रिकोण केला. त्यात डोळा दिसला. नेहमीसारखाच, डाव्या बाजूला. ‘डावाच आहे,’ मी स्वतःशी म्हणाले, आणि काय करावं ते न सुचून, तिला म्हटलं, ‘बरं, आता डावा डोळा मीट.’

आत्याने डावा डोळा मिटला. त्रिकोणातला डोळा टक्क उघडा राहून माझ्याकडे बघत होता.

मला तो डोळा जन्मभर विसरता येणार नाही. समोरासमोर उभं राहिलं की माझी डावी बाजू ती तिची उजवी, हे कोणालाही कळतं. मला ते वीस वेळा कळलं नव्हतं. सतरा माणसांच्या बाबतीत कळलं नव्हतं. मी त्यांना सही करून दिलं होतं. आमच्याकडे एखादा तराजू शंभर वेळा तेच चुकीचं वजन दाखवतो, तेव्हा आम्ही म्हणतो, ‘तराजू ठाम आहे, पण खरा नाही.’ त्या तराजूवर आम्ही लाल चिठ्ठी चिकटवतो. मी फ्रिजला टेकून उभी राहिले.

‘आत्या, तुझा डोळा उजवा आहे. पहिल्यापासून. मी उलट लिहिलं.’

आत्याने हात खाली घेतले. मग म्हणाली, ‘म्हणजे मला जमत नव्हतं असं नाही?’

‘नाही. मला जमलं नव्हतं.’

तिने कचऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या पोटातून हसू वर येताना मला दिसलं. ‘वीसपैकी वीस!’ ती म्हणाली, आणि स्टुलावरून पडता पडता वाचली.

पुढचे दोन दिवस मी इमारतीत दारोदार फिरून कागद परत मागितले. सेक्रेटरींना सांगणं सर्वांत कठीण गेलं. त्यांनी दोन महिन्यांत पेन, फोन, किल्ल्या, सगळं डाव्या खिशात हलवलं होतं.

‘म्हणजे मी परत उजवा?’

‘हो, काका. माफ करा.’

‘मग गेले दोन महिने जो होता, तो कोण होता?’ ते म्हणाले. उत्तर त्यांना हवंही नव्हतं बहुतेक. त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

सरांना मी मान खाली घालून सांगितलं. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. ‘मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण चिठ्ठीवर वीसपैकी वीस लिहिलेलं. एवढ्या ठामपणे चुकणारं माणूस मी बघितलं नव्हतं.’ आणि त्यांनी कपाटातून स्वतःचं जुनं उजवं धनुष्य काढून आत्याच्या हातात दिलं.

त्या रविवारी आईही आली. ‘मागवलेलं वाया कशाला घालवायचं?’ एवढंच म्हणाली. हिशेब सरळ होता. तिचा उजवा आला होता, म्हणजे ती डावी. ‘तरी मी म्हणते, सुईत दोरा ओवताना मी मान अशी का करते,’ ती डावं धनुष्य न्याहाळत म्हणाली. ‘ताई, आधी तुम्ही मारा.’

आत्या रेषेवर उभी राहिली. उजव्या हाताने तिने दोरी ओढली ती थैलीचं तोंड आवळावं तशी, एका दमात, थेट हनुवटीपर्यंत. हात हलला नाही. शिट्टी. बाण गेला. मग दुसरा, तिसरा. सहाही. पुन्हा शिट्टी झाली, म्हणजे बाण आणायला जायची. मी सवयीने उजवीकडे वळले, गवतात शिरले आणि वाकून शोधू लागले. बरंच शोधलं. एकही सापडेना. सहा बाण असे कुठे जातील, याचा मी मनात नकाशा काढत होते.

‘अगं ए!’ आत्याची हाक आली. ती लक्ष्याजवळ उभी होती. ‘तिकडे काय शोधतेस? सगळे इथेच आहेत.’

दातांचे डॉक्टर जरा हिरमुसले.

लक्ष्यावरचा कागद आत्याने स्वतः सोडवला. सहा भोकं, त्यांतली दोन मधल्या पिवळ्या वर्तुळात. सोमवारी तिने त्याची पोस्टाच्या शिस्तीत घडी घातली, सोबत ते लाल धनुष्य आणि तीन बाण ठेवले, पार्सल दोरीने आवळलं, आणि साहेबांच्या नावे रजिस्टर, पोचपावतीसह पाठवून दिलं. आत कागदाच्या कोपऱ्यात एकच ओळ होती. ‘सराव झाला.’

त्यानंतर चार दिवस खिळा रिकामा होता आणि आत्याचं लक्ष सारखं तिकडे जात होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी दारात पोचले. गॅलरीत आई डाव्या हाताने दोरी ताणून बघत होती आणि खालून सेक्रेटरी ‘वहिनी, टॉवेल काढलाय ना?’ असं विचारत होते. आत्याने दार उघडलं. मी चपलाही काढल्या नाहीत.

‘मिळालं?’ मी विचारलं.

आत्या बाजूला झाली. फ्रिजसमोरच्या खिळ्याला गुलाबी पोचपावती अडकवलेली होती.

‘मिळालं,’ ती म्हणाली. ‘साहेबांनी स्वतः सही केलीय.’